टँकर, मीटर आणि आगरकर

नीतीचे मूळ स्वहितातच असते, असे काही जण म्हणतात; आज सकाळी त्याचा एक दाखलाच पाहिला. आमच्या सोसायटीच्या सभेत घरोघरी पाण्याचे मीटर बसवण्याचा ठराव तिसऱ्यांदा मांडला गेला आणि अखेर मंजूर झाला. आधीच्या दोन सभांत पुण्य, काटकसर, पुढची पिढी असे सारे बोलून झाले होते आणि सर्वांनी माना डोलावून ठराव पाडला होता. आज खजिनदारांनी मे महिन्याच्या टँकरच्या पावत्यांची चळत टेबलावर ठेवली आणि ज्याचा त्याचा वाटा वाचून दाखवला, तेव्हा रोज पाइप लावून गाडी धुणाऱ्या काकांनीच पहिला हात वर केला.

परतताना मला समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर आठवले. नीतीला धर्माज्ञेचा टेकू लागत नाही, ती विवेकाच्या आधारावर उभी राहू शकते, अशी मांडणी त्यांनी १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारक’ या वृत्तपत्रातून केली. मात्र मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आईला पत्राने कळवणारे आणि १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेलेले आगरकर स्वहिताच्या हिशेबात कुठे बसवायचे? त्यालाही स्वार्थच म्हणायचे, तर शब्द फारच ताणावा लागतो. (काही जण तो ताणतात, आणि मला ते पटत नाही.)

सभेत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. वॉचमनच्या खोलीतल्या नळाला मीटर बसवला, तर त्याचे बिल कोण भरणार? पावत्यांच्या त्या चळतीत याचे उत्तर नव्हते, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.