फुगीर चाती

चाती म्हणजे चरख्यात फिरणारा, टोकाकडे निमुळता पोलादी काटा, ज्यावर सूत कातलं जातं. आजींनी मी केलेल्या दोन्ही चात्यांवर सूत काढून पाहिलं आणि फुगीर तेवढी घरी नेली. सरळ चाती माझ्या टेबलावर पडून आहे. मोजमापात तिच्यात काहीच खोट नाही, म्हणूनच ती डोक्यातून जात नाही.

आमचं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. थ्रेशरचे शाफ्ट, मोटारपंपाचे बुश आणि कापूस निघाला की जिनिंगची कामं, हा आमचा धंदा. तरी सेवाग्राम-पवनार जवळ असल्यानं इकडच्या काही घरांत चरखा अजून रोज फिरतो. त्या आजी जुनी चाती पदरात गुंडाळून आल्या होत्या. ती वाकली होती. ज्यानं कुणी ती आधी गॅसवर लाल करून हातोड्यानं ठोकली, त्याच्या हाती पुन्हा लोखंड देऊ नये. व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर ठेवून, डायल (बारीकसा वाकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून थंडच दाबली असती तर वाचली असती. आता पोलादाचा कस गेला होता आणि वर खपल्या धरल्या होत्या.

"भाऊ, दुसरी करून द्या. पण अशीच पायजे बरं. सासऱ्याच्या वेळची हाये."

चाती कशी चालते हे मी आजींकडूनच समजून घेतलं. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, चातीला तिरका धरला की दर फेऱ्याला सूत टोकावरून निसटतं आणि त्याला एक पीळ बसतो. मग हात आडवा केला की तेच सूत चातीवर गुंडाळून त्याची गुंडी, म्हणजे कुकडी होते. म्हणजे टोक गुळगुळीत हवं, टोचणारं नको, आणि फिरताना जरासुद्धा डुलायला नको. डुललं की सूत तुटतं.

माप घेतलं. चातीला फिरवणारी माळ जिच्यावर बसते त्या गिरीजवळ 5 मिमी, टोकाला 2 मिमी, उताराची लांबी 100 मिमी. उतारावर मायक्रोमीटर फसवतो. त्याची तोंडं साडेसहा मिमी रुंद असतात आणि तेवढ्या लांबीत इथे व्यास जवळजवळ 0.2 मिमीनं बदलतो. म्हणून दर 10 मिमीवर खूण करून व्हर्नियरच्या जबड्यांच्या पातळ धारेनं मोजलं. तेव्हा दिसलं की उतार सरळ नाही. मध्यभागी चाती हिशेबापेक्षा 0.12 मिमी जाड होती.

लेथवर काम करणारा कुणीही टर्नर म्हणेल, हा तर जॉब, म्हणजे कापायची वस्तू, दबल्याचा पुरावा. बारीक सळई लेथच्या दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांत, धरली की मधोमध ती टूलपासून दूर वाकते, तिथे माल कमी निघतो आणि पोट राहतं. टेलस्टॉक, म्हणजे शेपटाकडचा आधार, जास्त आवळला तर आणखीच. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. पण जुन्या चातीवर मधल्या भागात कानशीचे लांबट, सावकाश मारलेले घाव होते. पोट काढून टाकायला कानस मारली असती तर पोट राहिलंच नसतं.

मग दोन करायच्या ठरवल्या. एक गणितानं सरळ, एक जुनीची हुबेहूब.

आयटीआयमध्ये टेपर, म्हणजे असा निमुळता उतार, शिकवतात तो पंचवीस मिमीच्या जाडजूड सळईवर. टेलस्टॉक सरकवा, पास व्हा. बारीक सळईचं दुखणं तिथे कुणी दाखवत नाही. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की वाक आठपट होतो, व्यास निम्मा केला की सोळापट. म्हणून मी सळई लहान लेथच्या स्पिंडलच्या पोकळीत मागे सारून ठेवली आणि टोकाकडून 15-15 मिमी बाहेर काढत गेलो. धरायला कोलेट, म्हणजे सळईला चहूबाजूंनी सारखी आवळणारी चिरलेली नळी, कारण तीन जबड्यांच्या चकात दर वेळी जॉब इकडेतिकडे होतो.

कोनाचं म्हणाल तर निम्मा कोन एक अंशाहूनही कमी, सुमारे 52 मिनिटं. टूल तिरकं चालवणाऱ्या कंपाउंड स्लाइडवरच्या खुणांनी तो लागत नाही. टूलपोस्टला डायल बांधली, चकात सरळ गज धरला आणि कंपाउंड 50 मिमी चालवल्यावर डायल बरोबर 0.75 दाखवेल तोवर स्लाइड हलवत राहिलो. त्यानंतर सळई 15 मिमी बाहेर काढली की टूल आडवं पुढेमागे करणारी क्रॉस स्लाइड 0.225 मिमी मागे, म्हणजे उतार तसाच पुढे चालू राहतो. टूल एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं), धारदार, नाक जवळजवळ नाहीच, आणि उंची बरोबर सेंटरला. टूल खालीवर असलं तर उताराची रेघच वाकडी येते. कार्बाइडची गोल नाकाची टिप बारीक जॉबला कापण्याआधी ढकलते. हे सांगून सांगून मी थकलो, तरी पोरं तीच लावतात. मध्येच लाइट गेली. कट चालू असताना लाइट जाणं म्हणजे काय, हे वीजवाल्यांना कधी कळणार? टूल जागीच रुतून बसतं.

फुगीर चातीला मधला भाग जाड सोडून कानशीनं आणि पॉलिश पेपरनं जुनीच्या मापावर आणला.

आजींनी चरखाच आणला होता. कोणती कोणती हे मी सांगितलं नाही. सरळ चातीवर सूत निघालं, नीट निघालं. मग दुसरी लावली. थोडा वेळ कातून त्या म्हणाल्या, "हेच. हिच्यावर कुकडी सरकत नाई. त्या दुसरीवर पुढे पुढे येते."

हे पटण्यासारखं आहे. गुंडाळलेलं सूत घसरू नये म्हणून मध्ये किंचित फुगवटा हवा, हे कुणाला तरी कळलं असेल आणि त्यानं मुद्दाम ठेवला असेल. पण तितकंच हेही खरं की आजींचा हात वर्षानुवर्षं त्या आकारावर बसलाय. आणि तिसरी गोष्ट मला जास्त छळते. फुगीर चातीवर कानस आणि पेपर जास्त चालला, लांबीच्या दिशेनं. सरळ चातीवर लेथच्या आडव्या रेघाच राहिल्या आहेत. कुकडी आकारानं थांबते की पृष्ठभागानं, हे त्या दोन चात्यांवरून ठरत नाही.

सरळ चातीला आता तसाच लांबट पेपर मारतो आहे. आजी आल्या की पुन्हा दोन्ही लावून बघणार, आणि या वेळी त्यांच्या शेजारणीलाही कातायला बसवणार, कारण तिचा हात जुन्या चातीवर बसलेला नाही.