पाळणा, टेप आणि आईची चादर

बायकोला नववा लागला तसं नवी पेठेत पाळणा बघायला गेलो, पलंगाला चिकटून लावतात तसला. दुकानदार लटकणारी खेळणीच दाखवत बसला, मी खिशातनं टेप काढला. दोन दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरच्या वर नको, गादी कडक अन् सपाट, आणि पट्ट्यांनी पलंगाला बांधल्यावर मधे बोटभरही जागा नको, बाळ तिथंच अडकतं. घरी आई म्हणाली, अरे सोलापुरी चादर चौघडी करून टाक की खाली, मोहरीची उशी पण ठेव! म्हटलं आई, आत काहीच नको, बाळ उताणंच झोपवायचं. दोन दिवस फुगून होती. तसंही इथल्या मे महिन्यात चादर कुणाला लागतीय. बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की हा पाळणा बंद, तोवर पैसे वसूल होतायत का बघू.