कोलायटिसमध्ये कर्क्युमिन: घेऊन पाहायचं तर मोजून पाहा

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन रक्त-आव पडण्याच्या आजाराचं, निदान झालं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो हळद-दुधाचा. थोड्या दिवसांनी कुणीतरी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूलची डबीच आणून देतं. दोन्ही सल्ल्यांमागे माया असते, आणि हळदीत या आजारासाठी काहीच नाही असंही नाही. या एका मसाल्यावर खरोखरच्या चाचण्या झाल्या आहेत. पण त्या नेमक्या कशावर झाल्या, किती मात्रेत झाल्या आणि सोबत कोणतं औषध चालू होतं, हे न बघता डबी उघडली तर हाती काहीच लागत नाही.

आधी स्वयंपाकघरातला हिशेब. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. जात आणि साठवण यांनुसार दोन ते पाच. एक चमचा हळद तीन ग्रॅम धरली तर त्यात कर्क्युमिन आलं जेमतेम ९० मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये ज्या मात्रेचा गुण दिसला ती आहे दिवसाला २ ते ३ ग्रॅम कर्क्युमिन. म्हणजे २ ग्रॅमसाठीच रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. ते कुणी करत नाही आणि करूही नये. भाजीतली, दुधातली हळद जेवण म्हणून उत्तम आहे, तिला औषधाचा हिशेब लावू नका.

आता चाचण्या. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार शांत असलेले ८९ रुग्ण घेतले होते. सगळ्यांना सल्फासॅलाझिन किंवा मेसालामाइन ही या आजारातली नेहमीची औषधं चालूच होती. एका गटाला वरून १ ग्रॅम कर्क्युमिन सकाळच्या आणि १ ग्रॅम संध्याकाळच्या जेवणानंतर, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली कॅप्सूल. सहा महिन्यांत कर्क्युमिनच्या ४३ जणांपैकी दोघांचा आजार उलटला (पुन्हा उफाळला), प्लासिबोच्या ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ साली दुसरी चाचणी आली. तिच्यात सौम्य ते मध्यम आजार अंगावर असलेले, मेसालामाइनच्या पूर्ण मात्रेनेही दोन आठवड्यांत न वळलेले ५० रुग्ण होते. रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन घेतलेल्या २६ पैकी १४ जण महिन्याभरात लक्षणमुक्त झाले. प्लासिबोच्या २४ पैकी एकही नाही. आणि २०१७ साली दिल्लीच्या एम्सने दिवसाला फक्त ४५० मिलिग्रॅम देऊन आठ आठवडे पाहिलं, तेव्हा प्लासिबोपेक्षा काही फरक दिसला नाही.

तीनही चाचण्या छोट्या आहेत हे खरं. तरी त्यांतून दोन गोष्टी सरळ निघतात. मात्रा पुरेशी हवी, आणि मेसालामाइन बंद करून कर्क्युमिन घ्या असं यांतल्या एकाही चाचणीने सांगितलेलं नाही. क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या एका आजाराच्या) रुग्णांनी तर हे आकडे स्वतःला लावूच नयेत. फ्रान्समध्ये क्रोन्सच्या शस्त्रक्रियेनंतर रोज ३ ग्रॅम देऊन पाहिलं, आजार परत येणं त्याने थांबलं नाही.

डबी विकत घेताना लेबलाचा मागचा भाग वाचा. 'टर्मेरिक ५०० मि.ग्रॅ.' लिहिलं असेल तर ती नुसती हळदपूड असू शकते, म्हणजे कर्क्युमिन पंधरा मिलिग्रॅम. आपल्याला हवा '९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स' (कर्क्युमिन आणि त्याचे जवळचे भाऊबंद) असं लिहिलेला अर्क. अशा ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड्स येतात, म्हणून जपानी चाचणीच्या मात्रेसाठी रोज चार कॅप्सूल: दोन सकाळी, दोन रात्री. 'कितीतरी पट जास्त शोषण' अशी जाहिरात दिसली तर या आजारापुरतं त्याला भुलू नका. बहुतेक कर्क्युमिन रक्तात न जाता तसंच खाली उतरतं, हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. पण आपली सूज आहे मोठ्या आतड्याच्या अस्तराला, आणि न शोषलेलं कर्क्युमिन नेमकं तिथेच पोहोचतं.

शोषण वाढवायला बऱ्याच कंपन्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं की रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं, हे १९९८ सालीच दाखवलं गेलं. मात्र पायपरिन यकृतातली औषधं मोडणारी विकरंही अडवतं. टोफासिटिनिब, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, ब्युडेसोनाइड या औषधांपैकी काही चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी वर जाऊ शकते. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या अमेरिकेतल्या नोंदींतही काही डब्या पायपरिनयुक्त आढळल्या. माझं मत स्पष्ट आहे: कोलायटिससाठी पायपरिन नसलेलीच घ्या.

शुद्धतेचा प्रश्न वेगळाच. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना हळकुंडं आणून आपल्यासमोर दळून घेण्याची आपल्याकडची पद्धत पुडीतल्या भेसळीपासून वाचवते, पण हळकुंडाला पॉलिशच्या वेळीच रंग चढवला असेल तर त्यापासून नाही. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (यात शिसं असतं) किंवा मेटॅनिल यलो हे रंग वापरतात. घरची परीक्षा म्हणजे ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवणं. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं; गडद पिवळं झालं तर संशय घ्यावा. शिशाचं प्रमाण मात्र या परीक्षेत कळत नाही, ते प्रयोगशाळेतच. कॅप्सूलच्या बाबतीत कंपनीकडे त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. त्यात शिशाचा आकडा हवा, आणि कर्क्युमिन एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, मोजलेलं हवं. नुसत्या रंगमापनाने पिवळं ते सगळं कर्क्युमिन धरलं जातं. एचपीएलसीच्या आलेखात कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन या कर्क्युमिनॉइड्सची तीन वेगळी शिखरं दिसतात. पहिलं एकटंच असेल तर माल हळदीचा नसून कारखान्यात बनवलेला असण्याचा संभव मोठा.

कुणी घेऊच नये, हे सुरुवातीलाच पाहा. पित्ताशयात खडे असलेल्यांनी नाही, कारण कर्क्युमिन पित्ताशय आकुंचित करतं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदरपणात नाही. आपल्या खानदेशातल्या उन्हात मुतखडा नवा नाही. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं, म्हणून खड्याचा इतिहास असलेल्यांनी पूड फक्की मारून खाण्याचा विचार सोडून द्यावा. लोहाच्या गोळ्या चालू असतील (रक्त पडून पडून हिमोग्लोबिन उतरलेल्या बहुतेकांना असतात) तर त्या आणि कर्क्युमिन यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कर्क्युमिन लोहाला बांधून ठेवतं.

प्रयोग सुरू करण्याआधी निदान पक्कं हवं. आव-रक्त पडतंय म्हणजे कोलायटिसच असं नाही. अमिबाची आव, आतड्याचा क्षय, मूळव्याध, सगळी सोंगं सारखीच. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं) आणि बायॉप्सी (अस्तराचा तुकडा तपासणं) झालेली नसेल तर कर्क्युमिनचा विषयच काढू नका.

मग पहिले दोन आठवडे काहीही नवं न करता फक्त नोंद ठेवा. यासाठी एससीसीएआय नावाची, आजाराचा जोर मोजणारी गुणपद्धत पुरते, रोज दोन मिनिटांचं काम आहे. दिवसा संडासला एक ते तीन वेळा गेलात तर शून्य, चार ते सहा एक, सात ते नऊ दोन, त्याहून जास्त तीन. रात्री उठावं लागलं: एक ते तीन वेळा एक गुण, चार ते सहा वेळा दोन. घाईने जावं लागतं एक, धावतच जावं लागतं दोन, कपड्यात होतं तीन. रक्ताचा नुसता माग दिसला एक, कधीकधी स्पष्ट दिसतं दोन, बहुतेक वेळा दिसतं तीन. तब्येत एकूण छान असेल तर शून्य, पार बिघडलेली असेल तर चार. सांधे, डोळे, त्वचा यांचा त्रास असेल तर प्रत्येकी एक. बेरीज पाच किंवा जास्त म्हणजे आजार सक्रिय, दोन किंवा कमी म्हणजे शांत.

याच काळात शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन), आणि रक्तातलं सीआरपी (सुजेसाठी), हिमोग्लोबिन, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घ्या. यांतलं कॅलप्रोटेक्टिन सगळ्यांत महत्त्वाचं. ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर सूज नाही, २५०च्या वर बहुधा आहे, मधलं सगळं संदिग्ध. कॅप्सूलचा पिवळा रंग आणि मनातली आशा गुणपत्रिकेला फसवू शकतात. कोलायटिसच्या चाचण्यांमध्ये प्लासिबोवरही दहातला एखादा रुग्ण लक्षणमुक्त होतोच. घरी प्लासिबो ठेवता येत नाही, म्हणून कॅलप्रोटेक्टिनचा आकडा हाच आपला पंच.

आणि इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते. नमुना दोन्ही वेळी (आता आणि आठव्या आठवड्याला) सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या, पाण्यासारखा पातळ नको, पाळीच्या दिवसांत नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं दोन आठवडे आधीपासून बंद हवीत, ती आकडा चढवतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ठेवून दिलेल्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन उष्णतेत हळूहळू घटतं, हेही लक्षात घ्या. पहिला नमुना फेब्रुवारीत दिला आणि दुसरा एप्रिलमध्ये, आणि तो तालुक्याच्या लॅबमधून पुढे जाताना ४३ अंशांत दिवसभर पडून राहिला, तर आकडा कमी येईल आणि श्रेय कर्क्युमिनला जाईल. नमुना बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पाठवतात का, हे विचारूनच द्या. कॅप्सूलची डबीही उन्हाळ्यात खिडकीत, गाडीत ठेवू नका. जिलेटिनचं कवच मऊ पडून सगळ्या एकमेकींना चिकटतात.

सुरुवात अर्ध्या मात्रेने: पहिला आठवडा सकाळी एक, रात्री एक, भरल्या पोटी, जेवणात थोडं तेल-तूप असेल तेव्हा. रिकाम्या पोटी मळमळ आणि जळजळ होते. सोसलं तर दुसऱ्या आठवड्यापासून दोन-दोन. शौचाचा रंग पिवळा होईल, त्याने घाबरू नका. जुलाब वाढले तर आधी मात्रा निम्मी करून तीन दिवस पाहा. कर्क्युमिनच जास्त मात्रेत पोट ढिलं करतं आणि ते आजार वाढल्यासारखं भासतं.

आठ आठवडे बाकी काहीही बदलायचं नाही. मेसालामाइनची मात्रा तीच, डबीची कंपनी तीच, प्रोबायोटिक किंवा इसबगोल नवं सुरू करायचं नाही. स्टेरॉइड चालू असून उतरवत आणलं जात असेल तर तेवढ्यात प्रयोग करूच नका, कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. काळही विचार करून निवडा. हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्या, लग्नसराईतली झणझणीत शेवभाजी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आठवडाभराचा मुक्काम आणि आंब्याचा रस, यांनी जेवण इतकं बदलतं की नोंदवही निरुपयोगी होते. पावसाळ्याच्या तोंडावर पाणी बदलून होणारी हगवण तर आकडे पार उलटेपालटे करते. मधे असा संसर्ग झाला, अँटिबायोटिक घ्यावं लागलं, तर तो प्रयोग रद्द समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

चौथ्या आठवड्यात एसजीपीटी पुन्हा करा. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले तर तपासणीची वाट न पाहता कॅप्सूल बंद. आणि दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि त्यांच्या जोडीला ताप, नाडी ९०च्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५च्या खाली, यांपैकी काहीही असेल तर तो तीव्र झटका आहे. त्याच दिवशी रुग्णालयात भरती व्हायचं; जळगाव-धुळ्याचं अंतर लांब वाटतंय म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

आठव्या आठवड्याला दोन्ही आकडे शेजारी ठेवा. गुण तीन किंवा जास्तने उतरले आणि कॅलप्रोटेक्टिन निम्म्याच्या खाली आलं, तर डॉक्टरांशी बोलून चालू ठेवण्यात अर्थ आहे. गुण उतरले पण कॅलप्रोटेक्टिन तिथेच, तर बरं वाटतंय, सूज मात्र आहे; अशा वेळी मूळ औषध वाढवण्याबद्दल बोला. दोन्ही हललं नाही तर कॅप्सूल बंद करा, 'अजून महिनाभर बघू' नको.

ज्यांचा आजार आधीच शांत आहे त्यांना हा प्रयोग स्वतःवर करून काहीच कळणार नाही. सहा महिने कॅप्सूल घेतली आणि आजार उलटला नाही, तर ते कॅप्सूलमुळेच असं म्हणता येत नाही: त्या जपानी चाचणीत प्लासिबोच्या ३९ पैकी ३१ जणांचाही उलटला नव्हता. घ्यायचीच असेल तर चाचणीतल्या गटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवून, मेसालामाइनबरोबर घ्या. एरंडोलच्या कुण्या काकांना गुण आला, म्हणून नको. शस्त्रक्रिया ठरली तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना डबी दाखवा. आजाराला आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या तपासणीसाठी कोलोनोस्कोपी सुरू करावी लागते. कर्क्युमिन चालू आहे, पोट शांत आहे, म्हणून ती तारीख पुढे जात नाही.