निघताना लेकराला उठवा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायला मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. लेकरं सोबत गेली तर शाळा सुटते, आणि थोरली पोरगी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळत बसते. म्हणून समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृहाचं असलं तरी आमच्याकडे मुलं आजी-आजोबांकडे झोपतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारी पोषण आहार.

पहिल्या वर्षी जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, कागद झाले की काम झालं. वस्तीवस्तीवर फिरून यादी केली, पालकांची संमतीपत्रं घेतली, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून प्रस्ताव पंचायत समितीत दिला. मंजुरी उशिरा आली, तोवर किराणा उधारीवर. (यादीचं काम गणपतीतच उरका. दसऱ्यानंतर घरोघरी नुसती कुलपं भेटतात.)

खरं अवघड पुढे होतं. दुसरीतला एक मुलगा भाकरीला हात लावेना. संध्याकाळ झाली की फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहायचा. मी त्याच्या आजीकडे गेले. आजी म्हणाली, "रात्री तीनला गाडी आली. रडंल म्हणून उठवलंच नाही त्याला." सकाळी उठला तर आई नाही, बाप नाही. तेव्हापासून तो आजीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून पडायचा, पण झोपायचा नाही. आपण झोपलो की माणसं निघून जातात, एवढंच त्याला कळलं होतं.

त्यात मी भर घातली. समजूत काढायला म्हटलं, "येतील उद्या-परवा." तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, परवा झाला ना?"

त्या दिवसापासून मुलांशी खोटं बोलणं बंद केलं. भिंतीवर कॅलेंडर लावलं, गुढीपाडव्यावर खूण केली आणि सांगितलं, आईबाप या सुमाराला येतील, दोन-चार दिवस मागे-पुढे. रोज एक चौकोन खोडायचं काम त्याच्याकडे दिलं.

मग फोन. बुधवारी आणि रविवारी, संध्याकाळी साडेसातला. कोपीवर वीज नसते, मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो, आणि ऊस भरायला गाडी लागली तर फोन राहूनच जातो. म्हणून मुलांना आधीच सांगायचे, आज फोन आला नाही तर गाडी भरत असतील. सुरुवातीला "जेवलास का?" झालं की दोन्हीकडे गप्प. मग मुलांकडून दिवसभरातली एक गोष्ट तयार करून घ्यायला लागले: शेळी व्यायली, पाढे पाठ झाले, दात पडला. आयांना रडू यायचं आणि त्या फोन ठेवून द्यायच्या. त्यांना म्हटलं, "रडा हवं तर, पण फोन ठेवू नका. लेकराला वाटतं आपलंच काही चुकलं."

महिनाभराने तो जेवायला लागला. शांत झोप लागायला मात्र संक्रांत उजाडली.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी पालकांची सभा घेतली आणि एकच गोष्ट मागितली: निघताना लेकराला उठवा. मागून एक बाप कळवळून म्हणाला, "मग पाय निघंल का मॅडम?" मला उत्तर सुचलं नाही. त्या मुलाची आई खाली बघत पदराशी चाळा करत बसली होती. ती काहीच बोलली नाही.

टोळी गेली त्या सकाळी तो डोळे सुजवून शाळेत आला. रात्री आईने उठवलं होतं, गाडी वळेपर्यंत तो आजीसोबत रस्त्यावर उभा होता. त्याने दीड भाकरी खाल्ली, हात धुतले आणि माझ्याकडे आला.

"मॅडम, पोचली का गाडी, विचारा ना."