तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लायफिशिंगचा पहिला रॉड

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यातले मासेमारीचे फोटो टाकले की हमखास विचारणा होते, "आम्हालाही शिकायचंय, पहिला रॉड कुठला घ्यावा?" सांगतो, पण सुरुवात लाइनपासून, म्हणजे गळाच्या दोरीपासून करावी लागेल.

आपल्याकडे गळ टाकताना शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. इथे उलटं. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, त्याला वजन जवळपास नसतंच. फेकायची ती लाइन. किडा तिच्यामागे फरफटत जातो. म्हणून लाइन जाड असते आणि वजनाप्रमाणे तिला नंबर असतो. ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. रॉडवर लिहिलेला ५ याच लाइनसाठी. त्यावर ३ नंबरची लाइन चढवलीत तर रॉड नीट वाकणारच नाही, आणि वाकल्याशिवाय तो फेकणार कसा?

तर ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड घ्या. एसटीच्या रॅकवरही मावतो. तीर्थनच्या ट्राउट माशाला ४ नंबरही चालतो, पण दुपारी खोऱ्यातून वर चढणारा वारा सुटला की ५ बरा पडतो. फार ताठ रॉड मात्र नको. तो कधी वाकला हे नवख्या हाताला कळतच नाही. (महसीर या मोठ्या माशाचं स्वप्न असेल तर ८ नंबर लागेल, ते नंतर बघू.)

दुकानदार रीलवर खर्च करायला लावतो. ऐकू नका. छोटा ट्राउट आपण लाइन हाताने ओढूनच आणतो, रीलचं काम दोरी सांभाळण्याचं. तिथे वाचलेले पैसे लाइनमध्ये घाला. पाकिटावर 'डब्ल्यूएफ-५-एफ' पाहा, म्हणजे पुढे जड, ५ नंबरची, तरंगणारी. स्वस्तातली लाइन रिळातून सुटल्यावरही वेटोळी सोडत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट.

लाइनच्या टोकाला ९ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, ५एक्स. एक्सचा आकडा वाढला की टोक बारीक होतं. ५एक्स म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. फ्लायचे डबेच्या डबे नकोत. फेझंट टेल आणि एल्क हेअर कॅडिस, १४ आणि १६ नंबरच्या गळावरचे, प्रत्येकी पाच-सहा पुरेत. पहिला पाण्याखाली, दुसरा वर तरंगणारा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडणं सोपं जातं, आणि स्वतःच्या कानात रुतला तर काढणंही. डोळ्यात मात्र जाऊ नये, त्यासाठीच पोलराइज्ड चष्मा पहिल्या दिवसापासून हवा. पाण्याची चकाकी कापून आतला दगड दिसतो, हा वरचा फायदा.

वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार, नंतर. आधी मैदानावर फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून हात बसवा. ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात नदी गढूळ होते, त्यामुळे मार्च ते जून किंवा मग ऑक्टोबर धरा. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा, मग रॉड जोडायचा.