सेवेवरून घरी परतल्यावर

ख्रिस्ती मिशनच्या सेवेवरून सोलापूरला परतलं की पहिले आठ दिवस सगळे कौतुक करतात. खरी अडचण त्यानंतर येते. तिकडे सकाळची प्रार्थना ठरलेली, सोबतीला माणसं. इथे कारखान्याची पाळी, पाणी भरणं, मुलांचा डबा. पहाटे तासभर बायबल वाचायचा संकल्प पहिल्याच रात्रपाळीत मोडतो, मग अपराधी वाटून वाचनच थांबतं.

म्हणून वेळ घड्याळाला नको, कामाला बांधा: चहा झाला की पंधरा मिनिटं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली रोज पाच स्तोत्रं घेतली तर तिची दीडशे स्तोत्रं 30 दिवसांत होतात. मोठं 119वं स्तोत्र ज्या दिवशी येईल, त्या दिवशी बाकीची चार पुढे ढकला. दिवस चुकला तर मागची थकबाकी भरत बसू नका, आजच्यापासून धरा.

शिष्य सेवेवरून परतले तेव्हा येशूने त्यांना आधी विसावाच घ्यायला सांगितला (मार्क 6:30-31). मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र परतल्या रविवारीच मुलांचं संडे स्कूल गळ्यात पडतं. पाळकांना सरळ सांगा, महिनाभर फक्त उपासनेला बसतो. ते समजून घेतात, बहुधा.

घरच्यांशी ‘तिकडे असं होतं’ हे पालुपद टाळा. त्यांनी तुमच्यामागे घर ओढलंय! आधी त्यांचं ऐका. आणि तेलुगू किंवा कन्नड येत असेल, तर शेजारच्या आजारी आजींना त्यांच्या भाषेत एक स्तोत्र वाचून दाखवा. सोलापुरात त्यासाठी गल्लीही ओलांडावी लागत नाही.