पिंपावरचा नाताळ

मी चीफ इंजिनिअर असतो त्या जहाजावर आम्ही बावीस जण असलो तर त्यातले पंधरा-सोळा फिलिपिनो असतात. वरचे अधिकारी कधी भारतीय, कधी युक्रेनियन, कधी क्रोएशियन. पण बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिटर, ऑइलर, कुक, मेसमन (जेवण वाढणारा) बहुतेक वेळा मनिला, सेबू नाहीतर इलोइलोकडचे. सुट्टीवर हर्णैला आलो की कट्ट्यावर कुणीतरी विचारतंच, "काय रे, ते फिलिपिनो लोक कसे असतात?" विचारणाऱ्याचा सूर ओळखीचा असतो. नर्स, मोलकरीण, खलाशी, संपली माहिती. मॅगसेसे पुरस्कार म्हटलं की मात्र सगळ्यांना बाबा आमटे पाठ. विनोबांना १९५८मध्ये मिळाला, आमच्या रायगडच्या सी. डी. देशमुखांना १९५९मध्ये. पण ते रेमॉन मॅगसेसे कोण, तर सगळे गप्प. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते ते, १९५७मध्ये विमान अपघातात गेले.

तर मी त्यांना आमच्या इलेक्ट्रिशियनची गोष्ट सांगतो.

फिलिपिनो माणसाचा नाताळ १ सप्टेंबरला सुरू होतो. ही थट्टा नाही. त्या दिवशी सकाळी मेसरूममध्ये नाताळची गाणी लागतात आणि ती पार जानेवारीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. एका वर्षी आम्ही पॅसिफिक ओलांडत होतो आणि इलेक्ट्रिशियन होता पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडोचा. चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील, त्यांचा 'पारोल', फिलिपिन्समध्ये घरोघर लागतो. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद. नाताळच्या आधी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, पहाटे अंधारात चर्चला जायची रीत आहे आणि त्या वाटेवर उजेड म्हणून हे कंदील. पण सान फर्नांडोचे लोक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांचे कंदील दोन मजली घराएवढे, हजारो बल्बांचे, आणि बँडच्या तालावर रंग बदलत नाचणारे. दर डिसेंबरला त्यांची चुरस लागते.

मी विचारलं, दिव्यांची उघडझाप करायला कंट्रोलर कुठला वापरता? तो हसला. म्हणाला, "चीफ, पिंप."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. मग त्याने लॉगबुकाच्या मागच्या पानावर आकृती काढली. लोखंडी पिंप आडवं ठेवायचं, त्याला आस लावून हाताने फिरवायचं. पिंपाला विजेची एक वायर. समोर लाकडी पट्टीवर ओळीने बायकांच्या केसातल्या पिना ठोकलेल्या, त्यांची टोकं पिंपावर घासत राहतील अशा बेताने. प्रत्येक पिनेला बल्बांच्या एकेका गटाची वायर. आता पिंपावर जिथे चिकटपट्टी लावली तिथे वीज तुटते, जिथे लोखंड उघडं तिथे बल्ब पेटतात. कुठला रंग कधी उजळणार, किती वेळ टिकणार, हे सगळं त्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर लिहिलेलं. गाणं बदललं की पट्ट्या बदला. मी कितीतरी महागड्या कंट्रोल सिस्टिम उघडून बसलोय. पण केसाची पीन वापरून एवढं साधणारा मेंदू मी पाहिला नव्हता. शिवाय हे एका पोराचं डोकं नव्हे. त्यांच्याकडे ही विद्या बापाकडून मुलाकडे येते आणि पट्ट्यांची मांडणी शेजारच्या वाडीला कळू देत नाहीत.

मग आम्ही जहाजावर केला एक. माझी अट एकच, २२० व्होल्ट पिंपाला लावायचे नाहीत. इमर्जन्सीच्या चोवीस व्होल्टवर करा काय करायचं ते. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घासून लखलखीत केला. बावीस पुरुषांच्या जहाजावर केसाच्या पिना कुठून येणार, म्हणून तांब्याच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. फिटरने जुन्या सळ्यांची पंचकोनी चांदणी वेल्ड केली. पॅनेलचे सुटे पायलट लॅम्प, म्हणजे खुणेचे छोटे दिवे, माझ्या स्टोअरमधून कसे कमी झाले, हे मी त्या महिन्याच्या इन्व्हेंटरीत विचारलं नाही. २४ तारखेच्या रात्री बोसनने स्वतः डबा फिरवला. पहिल्या गाण्याला एक रंग अडकून बसला, इलेक्ट्रिशियनने नखाने चिकटपट्टीचा तुकडा उचलला आणि सगळं सुरळीत झालं. कुकने दोन दिवस आधीपासून अडोबो, त्यांचं मांसाचं कालवण, मुरवायला घेतलं होतं. व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरे, तमालपत्र. व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर कच्चा आंबटपणा राहतो, असा त्याचा कायदा. कॅप्टन डाव घेऊन पुढे झाले तर त्यांनाही हात आवरायला लावला.

पण त्या रात्री मला खरं दिसलं ते वेगळंच. बाराच्या सुमाराला एकेक जण फोन घेऊन बाहेर गेला. घरी जेवणाची टेबलं भरलेली, पोरांच्या अंगावर नवे कपडे, दारात मोठा पारोल. ते सगळं ज्याच्या पगारातून आलं तो इथे ग्रीसच्या वासाच्या बॉयलर सूटात. त्यांच्या सरकारी करारात कलमच आहे की मूळ पगाराचा किमान ऐंशी टक्के भाग घरच्या खात्यावर गेलाच पाहिजे. आमच्याकडचा चाकरमानी निदान गणपतीला तिकीट मिळवून, उभ्याने का होईना, गावाला येतो. यांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. ते डिसेंबरमध्ये संपेल की मार्चमध्ये, ते ऑफिस ठरवणार. सणाचा खर्च जो करतो तोच सणाला नसतो, हे त्यांच्या देशात घरोघर चालतं. १९८८मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझॉन अक्विनो परदेशात राबणाऱ्यांना 'बागोंग बायानी' म्हणजे नवे वीर म्हणाल्या, तेव्हापासून प्रत्येक पुढारी तेच म्हणतो. आमचा बोसन यावर एकच वाक्य बोलायचा: "चीफ, वीराला विमानतळावर रांग का लावतात?"

त्यांना भाषणांचं कौतुक नाही, बालिकबायान बॉक्सचं आहे. परदेशातून घरी पाठवायचा किंवा न्यायचा तो भला मोठा पुठ्ठ्याचा खोका: साबण, चॉकलेट, टिनातलं कॉर्न्ड बीफ, टॉवेल, पोरांचे बूट. पोरांचे पाय वाढलेले असतात, म्हणून बूट एक नंबर मोठे. २०१५मध्ये कस्टमने हे खोके उघडून तपासायचं ठरवलं तर देशात असा गदारोळ उठला की राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यायला लावली. मला हा त्या समाजाचा खरा कणा वाटतो. वीर म्हणा, नका म्हणू, आमच्या खोक्याला हात लावायचा नाही.

आता २०२१ची गोष्ट. कोविडमुळे क्रू-चेंज, म्हणजे जहाजावरची माणसं बदलणं, बंद, कॉन्ट्रॅक्ट संपून महिने उलटलेले, माणसं एकमेकांवर खेकसायला लागलेली. २६ जुलैला टोकियोत वेटलिफ्टर हिदिलिन दियाझने ५५ किलो गटात शेवटच्या प्रयत्नात १२७ किलो उचलले आणि फिलिपिन्सला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. १९२४पासून हा देश ऑलिंपिकला जातोय! लॉकडाऊनमध्ये ती मलेशियात अडकली होती. बांबूला पाण्याच्या बाटल्या टांगून सराव करायची. आमचा एक एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, तिच्याच झांबोआंगाचा. सॅटेलाइट नेटवर तो व्हिडिओ थांबत थांबत, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पुढे सरकत होता आणि हा पठ्ठ्या स्क्रीनला हाताने वर ढकलत होता, जणू बारबेल त्यानेच धरलाय. नंतर तो म्हणाला, तीही बाहेर अडकली होती ना, आपल्यासारखीच. बॉक्सर पॅक्याओ, नाटकाचा टोनी पुरस्कार मिळवलेली लेआ सालोंगा, पुढे पॅरिस ऑलिंपिकला दोन सुवर्णं घेणारा जिम्नॅस्ट कार्लोस यूलो, ही नावं त्यांच्या ओठावर असतात. पण त्या दिवसाची गोष्ट निराळी होती.

त्याच वर्षी स्पेनची गलबतं घेऊन आलेल्या दर्यावर्दी मॅगेलनच्या मरणाला पाचशे वर्षं झाली होती. २७ एप्रिल १५२१, सेबूजवळचं माक्तान बेट. मारणारे तिथला सरदार लापू-लापू याचे लोक. आमचा सेबूचा फिटर हे सांगताना पान्याने वार करून दाखवायचा आणि लगेच पुढे म्हणायचा, की आमच्याकडे बाजारात लापू-लापू मागितला तर मासा देतात. आपला हेकरू. देशाच्या पहिल्या वीराचं कालवण करून खाणारी माणसं मला आवडतात.

पुढे एकदा कंपनीच्या सेमिनारला मनिलात गेलो. एक दुपार मोकळी होती, रिझाल पार्कलगतच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलो. तिथे लगुना प्रांतात १९८९मध्ये सापडलेला एक ताम्रपट आहे, वहीच्या पानाएवढा. नमवारन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, त्याची मुलं मोकळी झाली, अशी पावती. लिपी जावाकडची कावी. पण तिथी ऐका: शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. स्पेनचं गलबत यायच्या सहाशे वर्षं आधी मनिलाजवळ कुणीतरी आपल्या पंचांगातली तारीख टाकून कर्ज फेडल्याची पावती घेत होता. त्या काचेसमोर शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी पोरांना मी ती तिथी वाचून दाखवली. बाईंनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

तिथून चालत टी. एम. कलाव रस्त्यावर आलो. खलाशांचा बाजार म्हणतात तो हाच. झाडांखाली एजंट उभे, हातात फलक: 'ऑइलर, बल्क कॅरियर', 'कुक, टँकर'. आणि शेकडो माणसं कागदांच्या फायली छातीशी धरून. एक विशीतला पोरगा मला कंपनीचा माणूस समजून पुढे आला, "गुड आफ्टरनून, सर," आणि फाइल उघडलीच. डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, व्हायचंय. दीड वर्ष एका एजन्सीत 'युटिलिटी' होता, म्हणजे कॉफी करायची, झेरॉक्स काढायच्या, साहेबांची कामं करायची, पगार नाही. आशा एवढीच की कधीतरी जहाज मिळेल. सगळे कागद प्लास्टिकमध्ये, तारखेनुसार लावलेले. मी त्याचा बायोडेटा आमच्या क्रूइंगच्या, म्हणजे खलाशी भरतीच्या, माणसाकडे दिला. फाइल मात्र तिथेच फुटपाथवर तपासली, आणि बेसिक सेफ्टीचं सर्टिफिकेट दोन महिन्यांत संपतंय, ते आधी रिन्यू कर, म्हणून सांगितलं.